पनवेलचा एक इंग्रजी शब्द

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पनवेलच्या या कलामहाविद्यालयाचं ऑफिस मी एकवीस वर्षं सांभाळतेय, आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत माझी बोलणी न खाल्लेला माणूस इथे सापडायचा नाही. बहुतेकांना ती खायलाच हवी होती, त्याबद्दल मला काही वाटत नाही. पण मुबीनाबाईंना एकदा जे बोलले, त्याची मात्र लाज वाटते. हे लिहायला बसले ती त्यापायीच.

मुबीनाबाई आमच्याकडे परदेशी मुलांना इंग्रजी शिकवतात. दरवर्षी पाच-सहा मुलं शिष्यवृत्तीवर येतात, चित्रकला, शिल्प, मातीकाम शिकायला. काम असं करतात की बघत राहावं, पण इंग्रजी बेतास बात. आणि आमच्या वर्गांची भाषा इंग्रजी. नुसतं काम करून भागत नाही, चार लोकांसमोर उभं राहून ते का केलं, कसं केलं, हे सांगावं लागतं. ते जमलं नाही तर पुढच्या वर्षात पाऊल टाकता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी रोज दीड तास इंग्रजीचा.

चार वर्षांपूर्वी मुबीनाबाई मुलाखतीला आल्या, तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मीच. शिक्षण बारावी. अनुभव काय, तर बहारीनच्या एका दवाखान्यात अकरा वर्षं काउंटरवर. नवरा इक्बालभाई तिथेच ड्रायव्हर होते. दोघं परत आले, मोहल्ल्यातलं घर नीट केलं, खाली अत्तरांचं दुकान टाकलं. आता दुकानात दोन माणसं कशाला, म्हणून बाई नोकरी शोधत होत्या. मी इंग्रजी घेऊन एम.ए. आहे, फर्स्ट क्लास. अर्ज वाचून मी शार्दूल सरांना, म्हणजे आमच्या प्राचार्यांना, म्हटलं, "सर, यांच्या अर्जातच चार चुका आहेत, लाल पेनाने दाखवू का?"

सरांनी त्यांना विचारलं, "इंग्रजी कुठे शिकलात?"

"काउंटरवर, सर," मुबीनाबाई म्हणाल्या. "पेशंट फिलिपिन्सचा, डॉक्टर इजिप्तचा, नर्स केरळची आणि मी पनवेलची. एकाचंही इंग्रजी धड नाय. पण अकरा वर्षांत चुकीच्या माणसाला इंजेक्शन गेलं नाय, अल्लाची मेहेरबानी."

सर खो खो हसले आणि बाईंना नेमून टाकलं. माझं तोंड दिवसभर फुगलेलं होतं.

आता एक कबूल करते. कागदावरचं इंग्रजी माझ्या मुठीत आहे, तोंडातलं नाही. एखाद्या परदेशी मुलाच्या आईवडिलांचा फोन आला की माझी बोबडी वळते. आर्टिकल चुकेल, टेन्स चुकेल, समोरचा काय म्हणेल. मी फोन सरळ मुबीनाबाईंच्या हातात द्यायचे आणि काहीतरी शोधतेय असं दाखवत कपाटात तोंड घालायचे. त्या खुशाल बोलायच्या, "येस येस, युवर सन इटिंग गुड, डोन्ट टेक टेन्शन." माझ्या अंगावर काटा यायचा. पलीकडून मात्र आई हसायची, हे मला कपाटातूनसुद्धा ऐकू यायचं.

त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी. वर्गाची खिडकी आमच्या व्हरांड्यात उघडते, त्यामुळे मला सगळं दिसतं. पहिला नियम, वर्गात फक्त इंग्रजी. हिंदी नाही, मराठी नाही, आपापसात आपापली भाषा नाही. दुसरा नियम, बोलताना हात मागे. ही चित्रकार पोरं शब्द अडला की हातांनी हवेत आकार काढतात, आणि समोरच्याला कळतं, मग शब्दाची गरजच राहत नाही. मुबीनाबाई ओरडायच्या, "हॅन्ड्स बॅक!" मग पोरं पाठीमागे हात बांधून टीपॉटचं वर्णन करणार, घामाघूम होऊन. आणि वाक्य कसंबसं पूर्ण झालं, अर्थ पोचला, की बाई मान डोलावून म्हणायच्या, "चालेल!"

प्रत्येक वाक्याला चालेल. टेन्स चुकला, चालेल. एस खाल्ला, चालेल. अर्थच कळला नाही तर मात्र, "नो चालेल, से अगेन."

या वर्षी सहा जण होते. मंगोलियाची तुया, उझबेकिस्तानचा दिल्शोद, आणखी तिघं, आणि मोझांबिकची ग्रासा. ग्रासाकडे पोर्तुगीज बोलतात. बावीस वर्षांची, उंच, मातीकामात एक नंबर. पण तोंडाला कुलूप. तुया आणि ती करंजाड्याला एका फ्लॅटमध्ये राहतात. तुया सांगायची, घरी खोलीत एकटी असली की ग्रासा गाणी म्हणते. वर्गात मात्र जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत तिने एक शब्द काढला नाही. मुबीनाबाई रोज शेवटी तिच्या बाकाजवळ जायच्या आणि विचारायच्या, "टुडे, ग्रासा?" ती मान हलवायची. बाई म्हणायच्या, "ओके, टुमारो." कधी चिडल्या नाहीत. मी असते तर पंधराव्या दिवशी ओरडले असते.

डिसेंबरात एक दिवस ग्रासाने छोटीशी वाटी आणून टेबलावर ठेवली, हात मागे बांधले आणि म्हणाली, "मॅडम, धिस... चालेल?"

मुबीनाबाई तिथेच खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "व्हेरी व्हेरी चालेल." त्या दिवसापासून पोरगी बोलायला लागली. हळूहळू, अडखळत, पण रोज.

मार्चात शार्दूल सरांनी मला बोलावून घेतलं. मुंबईची कुठलीशी कंपनी रेकॉर्ड केलेले धडे देते, मुलं स्क्रीनसमोर बसून शिकतात, बाईंची गरज नाही. संचालक मंडळाला ते पसंत पडलं होतं. सरांनी कसंबसं एवढं करून घेतलं होतं की आधी बाहेरचे परीक्षक येऊन मुलांची तोंडी परीक्षा घेतील. सहाच्या सहा जणांना आपलं काम इंग्रजीत समजावता आलं, तर वर्ग मुबीनाबाईंकडे राहणार. एक जरी अडला, तरी जूनपासून स्क्रीन. परीक्षक म्हणून नाशिकहून चारुदत्त सर येणार होते, निवृत्त प्राध्यापक, व्याकरणाच्या बाबतीत एकदम कडक.

मुबीनाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मला हाच एक धंदा येतो, कुमुदताई," त्या म्हणाल्या. "आणि दुकानात इक्बाल मला अत्तराच्या बाटल्यांना हात लावू देत नाय, सांडवते म्हणून." हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

परीक्षेच्या चार दिवस आधी मुलांनी आपापल्या कामाबद्दल लिहिलेलं एकेक पान प्रिंटला माझ्याकडे आलं. मी लाल पेन घेऊनच बसले. पहिलंच पान तुयाचं. त्यात लिहिलेलं, माझं पहिलं चित्र अनचालेल होतं, दुसरं मोअर चालेल झालं. मी म्हटलं, ही काय थट्टा आहे? दिल्शोदचं पान उघडलं. त्याने लिहिलेलं, कलेत परफेक्ट असण्यापेक्षा चालेल असणं महत्त्वाचं. ग्रासाच्या पानात तर तो शब्द सात वेळा. सगळ्यांचं स्पेलिंगसुद्धा एकच, पाठ केल्यासारखं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात फक्त इंग्रजी, हा बाईंचाच नियम! मग बाई वर्गात जे बोलणार, ते इंग्रजीच असणार ना! सहाच्या सहा पोरं 'चालेल' हा इंग्रजी शब्द समजून बसली होती, आणि बाईंना स्वतःच्या तोंडातून तो निघतो याचा पत्ताच नव्हता.

मी पानं घेऊन तरातरा वर्गात गेले. मुलांसमोरच म्हणाले, "मुबीनाबाई, हे काय शिकवून ठेवलंय? चालेल हा इंग्रजी शब्द आहे? कुठल्या डिक्शनरीत मिळाला तुम्हाला? चारुदत्त सर हे वाचून हसतील की रडतील?"

मराठीत बोलले मी, पण पोरांना तेवढा एक शब्द कळला, आणि कागदावरचं माझं बोट दिसलं.

"मॅडम," तुयाने विचारलं, "चालेल नॉट इंग्लिश?"

दिल्शोद म्हणाला, "बट रिक्षा अंकल ऑल्सो से. व्हेजिटेबल आंटी ऑल्सो से. आय थिंक, इन पनवेल ऑल पीपल नो लिटल इंग्लिश."

त्यावर मुबीनाबाईंना हसू फुटलं, आणि खरं सांगते, मलाही. सगळा वर्ग हसला. ग्रासा सोडून. ती उठली, माझ्या हातातून आपलं पान काढून घेतलं, चार घड्या घालून बॅगेत टाकलं आणि बाहेर निघून गेली.

संध्याकाळी मुबीनाबाई ऑफिसात आल्या. "तुमचं बरोबर आहे, कुमुदताई. गलती माझी. पण हे मला इथे सांगायला पायजे होतं. तिच्या तोंडातला तो पहिला शब्द होता. तिला वाटलं, सगळे तिच्यावर हसले."

मी काय म्हणावं? "मग आता दुसरा शिकवा. चार दिवस आहेत." असं म्हणाले मी. जीभ झडली असती तर बरं.

बाईंनी शिकवला. घाबरल्या होत्या ना. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ॲक्सेप्टेबल, आणि जुन्या शब्दाला वर्गात बंदी घातली. बाकीच्या पाचांनी मुकाट्याने बदल केला. ग्रासा मात्र वाक्य सुरू करायची, त्या जागी यायची आणि थांबायची. तोंडात आलेला शब्द गिळायची, त्याच्याबरोबर पुढचं सगळं वाक्यही. तिसऱ्या दिवशी तिने सुरुवात करणंही सोडून दिलं. मुबीनाबाई पुन्हा बाकाजवळ जाऊन विचारायला लागल्या, "टुडे, ग्रासा?" खिडकीतून ते मला रोज दिसायचं. बाईंची नोकरी जाणार होती, आणि ती घालवायचं काम मी एका मिनिटात केलं होतं.

परीक्षेच्या दिवशी शार्दूल सरांनी बजावलं, शिक्षिका मजल्यावर नकोत. मुबीनाबाई खाली भट्टीच्या शेडकडे गेल्या. हजेरी घ्यायला आणि घड्याळ बघायला मी वर, चारुदत्त सरांच्या शेजारी. सर शिष्ट नव्हते, पण प्रत्येक शब्द तोलून मापून बोलणारे. मुलांची कामं भिंतीला लागून मांडलेली, एकेकाने आपल्या कामाजवळ उभं राहायचं.

पाच जणांचं झालं. हात मागे बांधून सगळे शिस्तीत बोलले. तुयाने तीनदा ॲक्सेप्टेबल म्हटलं, तोंडात खडा असल्यासारखं. सर लिहून घेत होते. मग ग्रासा.

तिने कमरेएवढा रांजण केला होता. भट्टीत भाजताना त्याला काठापासून पोटापर्यंत तडा गेला होता. तो तिने बुजवला नव्हता, रंगही दिला नव्हता, तसाच ठेवला होता. सरांनी विचारलं, हा तडा का ठेवलास?

ग्रासाने तोंड उघडलं. आणि मिटलं. पुन्हा उघडलं. अर्धं मिनिट गेलं. वरून विमान गेलं, खिडक्या थरथरल्या, आवाज विरला, तरी ती गप्पच. एक मिनिट. सरांनी प्रश्न परत विचारला, सोपा करून. तिचे ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी जमा झालं होतं. दीड मिनिट. सरांनी पेनाचं टोपण लावलं.

मग मला काय झालं, देव जाणे. मी खुर्चीवरून उठले. एम.ए. झाल्यापासून परक्या माणसासमोर ज्या तोंडातून इंग्रजी निघालं नव्हतं, त्या तोंडाने मी ओरडले, "ग्रासा! से युवर वर्ड! आय वॉज राँग! से चालेल!"

चारुदत्त सर दचकले. "कुमुदबाई, हे नियमात बसत नाही," म्हणाले. मी म्हटलं, "नसू दे बसत, सर. मला काढून टाका हवं तर."

ग्रासाने माझ्याकडे पाहिलं. मग तिचे पाठीमागचे हात सुटले आणि रांजणावर येऊन टेकले.

"धिस क्रॅक, नॉट माय प्लॅन," ती म्हणाली. "फर्स्ट, आय क्राय. आय वॉन्ट ब्रेक ऑल. देन आय सिट. वन डे, टू डे, आय लुक. नाऊ इट इज चालेल."

"तो मराठी शब्द आहे," सर इंग्रजीत म्हणाले.

"येस सर. नाऊ आय नो. बट इन इंग्लिश आय सर्च, आय डोन्ट फाइंड."

"ॲक्सेप्टेबल?"

"नो सर. ॲक्सेप्टेबल इज फॉर ऑफिस. फॉर पेपर." हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं, कार्टीने.

सरांनी आणखी एक शब्द सुचवला, गुड इनफ. आता तुयाही मध्ये पडली. म्हणाली, गुड इनफ म्हणजे मी थकले, आता नको. दिल्शोद म्हणाला, ओके म्हणजे तर मला फिकीरच नाही. सरांनी आणखी दोन शब्द काढले, पोरांनी तेही परतवून लावले. बाकीचे तिघंही आले. रांजणाभोवती उभं राहून सगळे एकदम बोलत होते, चुका करत होते, एकमेकांना दुरुस्त करत होते. ग्रासाचा आवाज सगळ्यांत वर. शेवटी ती म्हणाली, "सर, रिक्षा अंकल टोल्ड मी, चालेल इज फ्रॉम वॉक. धिस पॉट हॅज क्रॅक. बट इट विल वॉक."

सर स्वतः मराठी माणूस. आयुष्यात हजारदा तो शब्द वापरला असेल. त्यांनी चष्मा काढला, रांजणाजवळ गेले आणि तड्यावरून बोट फिरवलं. मी घड्याळ बघायचं विसरून गेले होते. पाच मिनिटांच्या परीक्षेला सत्तावीस मिनिटं झाली होती.

नंतर शार्दूल सरांच्या केबिनमध्ये चारुदत्त सर म्हणाले, "व्याकरण कच्चं आहे, त्याची काहीतरी सोय करा. पण या मुलीने माझ्याशी वीस मिनिटं इंग्रजीत वाद घातला आणि मला हरवलं. स्क्रीनशी कुणी वाद घालतं का हो? वर्ग आहे त्यांच्याकडेच राहू दे. मी लेखी देतो." आणि तिथेच बसून त्यांनी लिहून दिलं, सहाच्या सहा उत्तीर्ण.

मी जिना उतरून धावत खाली गेले. या वयात, या गुडघ्यांनी. मुबीनाबाई शेडबाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या, मला बघून उठल्या.

"मुबीनाबाई, वर्ग..."

"ग्रासा बोलली?"

"अहो, वर्ग तुमच्याकडेच..."

"ते नंतर सांगा. बोलली का ती?"

"बोलली. सरांशी भांडली. थांबायलाच तयार नव्हती."

त्या परत पायरीवर बसल्या. ओढणी तोंडावर धरली आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मी शेजारी बसले. पाठीवर हात ठेवला. मग म्हटलं, "अहो, नोकरी राहिली तुमची, म्हणते मी."

"हां हां, ऐकलं," त्या म्हणाल्या. नाक पुसलं. "कुमुदताई, ते काउंटरचं मी सगळ्यांना हसवून सांगते ना, ते नंतरचं. बहारीनला पहिले सात महिने मी एक शब्द बोलले नाय. फायली पुसायला ठेवलं होतं मला. स्टाफला वाटायचं, बाई मुकी आहे. रूमवर जाऊन दार लावायची आणि मोठ्याने स्वतःचं नाव घ्यायची, आवाज आहे का अजून ते बघायला."

"मग बोलतं कुणी केलं तुम्हाला?"

"कुणी नाय," त्या म्हणाल्या. "सात महिने वाट बघितली, कुणीतरी येऊन विचारेल म्हणून. नाय विचारलं कुणी. मग एक दिवस आपणच बोलले."

मी त्यांना माझा रुमाल दिला.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि ग्रासा खाली आली, "मॅडम! मॅडम!" करत. समोर उकिडवी बसली, बाईंचे दोन्ही हात धरले आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. सर काय म्हणाले, ती काय म्हणाली, मी कशी ओरडले, सगळं. निम्मं चुकीचं, क्रम उलटासुलटा, मध्येच पोर्तुगीज. मुबीनाबाईंनी एकदाही तिला अडवलं नाही. ऑफिस उघडं टाकून मीही तिथेच बसून राहिले, तिचं सांगून होईपर्यंत.